शुक्रवारचं पत्र, सोमवारचं दप्तर: दुबईतल्या ब्रिटिश शाळेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुबईतल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा उघडतात आणि पंधरा दिवसांत नव्या पालकांची एकच तक्रार कानावर येते: "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." सांगितलेलं असतं. शाळेच्या शुक्रवारच्या साप्ताहिक पत्रात, सातव्या फोटोखाली, एका ओळीत. ती ओळ सुटली की सोमवारी सगळा वर्ग रंगीबेरंगी मोज्यांत येतो आणि आपलं मूल एकटंच पांढऱ्या मोज्यांत उभं राहतं. सहा वर्षांच्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नसते. आठवड्यातून वीस-पंचवीस मिनिटं नीट दिली तर हे टळतं. ती मिनिटं कुठे आणि कशी द्यायची, ते इथे सांगितलं आहे. मुख्यतः एफएस-१ (फाउंडेशन स्टेज, शाळेचं पहिलं वर्ष) ते इयर ६, म्हणजे प्राथमिक वयाच्या मुलांसाठी. दुबईतल्या सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि त्यांची घडी वेगळी असते, त्या इथे धरलेल्या नाहीत.

आधी इयत्तेचा आणि आठवड्याचा हिशेब

ब्रिटिश शाळेचं 'इयर' आपल्या इयत्तेपेक्षा एकाने पुढे असतं. एफएस-१ म्हणजे नर्सरी, एफएस-२ म्हणजे ज्युनिअर केजी, इयर १ म्हणजे सिनियर केजी. इयर २ म्हणजे आपली पहिली, इयर ५ म्हणजे चौथी. हे घरातल्या सगळ्यांना, पुण्या-नाशकातल्या आजी-आजोबांनाही, एकदा समजावून सांगा. नाहीतर पुस्तकं, स्पर्धा परीक्षा, परत गेल्यावरचा प्रवेश, सगळीकडे एका वर्षाचा घोळ होतो.

जानेवारी २०२२ पासून इथला आठवडा सोमवार ते शुक्रवार आहे आणि शुक्रवारी शाळा दुपारच्या नमाजाआधी सुटते. शारजात मात्र शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी असते. घर शारजात आणि शाळा दुबईत असेल तर शुक्रवारी मुलाला आणायचं कुणी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात सगळ्यात आधी अडतं ते शुक्रवारचं आणणंच. रमजानमध्ये शाळेचे तास कमी होतात आणि बसच्या वेळाही बदलतात. तो महिना दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. ईदच्या सुट्ट्या चंद्रदर्शनावर असतात आणि नेमक्या तारखा ऐन वेळी जाहीर होतात. त्यामुळे त्या काळातलं तिकीट काढताना तारीख बदलता येईल असंच काढा.

पहिली पायरी: बातमी कुठून येते ते पक्कं करा

एकाच शाळेची माहिती चार वाटांनी येते. मेल, वर्गाचं अ‍ॅप (सीसॉ, क्लास डोजो, टीम्स, ज्या शाळेचं जे असेल ते), शाळेच्या वेबसाइटवरचं कॅलेंडर आणि वर्गातल्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट. पहिल्या तीन शाळेच्या. चौथी पालकांची, आणि तिच्यावरची माहिती ही ऐकीव माहिती.

पहिल्या आठवड्यात एवढं उरकून टाका:

१. शाळेच्या नोंदीत आई आणि बाबा, दोघांचेही मेल आणि मोबाइल नंबर आहेत का ते ऑफिसात विचारा. प्रवेशाचा अर्ज ज्याने भरला त्याच्याच मेलवर पुढची दहा वर्षं सगळं जात राहतं. भारतातला नंबर दिला असेल तर बदलून इथला द्या. ताप आला की नर्स त्याच नंबरावर फोन करते.

२. शाळेचा मेलपत्ता फोनमध्ये सेव्ह करा आणि स्पॅमचा फोल्डर एकदा उघडून बघा. भरपूर फोटो असलेली पत्रं तिथे हमखास जाऊन पडतात.

३. अ‍ॅपच्या नोटिफिकेशन चालू ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या बंद ठेवा. गट दिवसातून एकदा वाचला तरी पुरतो.

४. शाळेचं कॅलेंडर फोनच्या कॅलेंडरला जोडून घ्या. वेबसाइटवर 'सबस्क्राइब' असा पर्याय बहुधा असतो. तो वापरला की शाळेने तारीख बदलली तर तुमच्याकडेही आपोआप बदलते. पीडीएफ उतरवून घेतली तर ती जुनीच राहते.

५. सत्राच्या आठवड्यांना क्रमांक द्या. पत्रात "वीक ४ पासून स्विमिंग" असं लिहिलेलं असतं, तारीख नसते. पहिल्या सोमवारपासून कॅलेंडरवर वीक १, २, ३ अशी नोंद करून ठेवा. ऑक्टोबरच्या हाफ टर्मनंतर, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीनंतर, काही शाळा मोजणी पुढे चालू ठेवतात, काही पुन्हा एकपासून सुरू करतात. आपल्या शाळेची पद्धत वर्गशिक्षिकेला विचारून घ्या.

दुसरी पायरी: पत्र वाचायचं कसं

पत्र वरून खाली वाचायला घेतलं की मुख्याध्यापकांचं मनोगत, इयर ६ च्या सहलीचे फोटो, फुटबॉलचा निकाल यातच दहा मिनिटं जातात आणि कामाच्या ओळीपर्यंत पोचताना लक्ष उडतं. क्रम उलटा करा. आधी 'तारखा', मग आपल्या इयरचा भाग, मग फॉर्म आणि लिंका. फोटो आणि कौतुक सगळ्यात शेवटी, आणि ते मुलाला मांडीवर घेऊन वाचा. 'स्टार ऑफ द वीक'मध्ये वर्गमित्राचं नाव दिसलं की मूल आपण होऊन शाळेबद्दल बोलायला लागतं. "आज शाळेत काय केलंस?" या प्रश्नाला जे कधी मिळत नाही ते उत्तर इथे मिळतं.

प्रत्येक कामाच्या ओळीतून चार गोष्टी काढायच्या: दिवस, वस्तू, पैसे आणि शेवटची तारीख. समजा ओळ अशी आहे: "पुढच्या मंगळवारी इयर २ ची म्युझियमची सहल, मुलांनी पीईच्या (खेळाच्या तासाच्या) कपड्यांत यावं, पॅक्ड लंच, संमतिपत्र शुक्रवारपर्यंत." मंगळवार सगळ्यांच्या लक्षात राहतो. विसरतो तो शुक्रवार. आणि संमतिपत्र नसेल तर मूल सहलीला जात नाही, दुसऱ्या वर्गात बसून राहतं. शिक्षिकेच्या मनात असूनही ती नेऊ शकत नाही, कारण परवानगीशिवाय मुलाला आवाराबाहेर काढता येत नाही. म्हणून कॅलेंडरवर दोन नोंदी करा, एक कामाच्या शेवटच्या तारखेची आणि एक त्या दिवसाची. फॉर्म तर पत्र वाचतानाच भरून टाका, "नंतर निवांत" म्हणून ठेवू नका.

काही शब्द सारखे भेटतात. 'इनसेट डे' म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांना सुट्टी. 'मफ्ती' किंवा 'नॉन-युनिफॉर्म' म्हणजे घरचे कपडे, बहुतेक वेळा एखाद्या रंगाच्या किंवा विषयाच्या अटीसह. 'पॅक्ड लंच' म्हणजे घरून न्यायचं जेवण, सहलीला ते बहुधा फेकून देता येईल अशा पिशवीत द्यायचं, स्टीलचा डबा नको. 'ईसीए' म्हणजे शाळा सुटल्यानंतरचे छंदवर्ग. 'हाउस' म्हणजे शाळेतले चार गट, आणि आपलं मूल कोणत्या रंगाच्या हाउसमध्ये आहे ते पहिल्या आठवड्यातच कळायला हवं, कारण खेळांच्या दिवशी त्याच रंगाचा टीशर्ट लागतो.

छंदवर्गांबद्दल एक सूचना. नोंदणी अनेकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला उघडते आणि लोकप्रिय वर्ग पाच मिनिटांत भरतात. आदल्या दिवशी लॉगिन चालतंय का ते तपासा, पहिली आणि दुसरी पसंती कागदावर लिहून ठेवा. आणि त्या दिवशी उशिराची बस आहे का, ते आधी बघा. नसेल तर आठवड्यातून दोन दिवस ऑफिस लवकर सोडावं लागेल. पहिल्या सत्रात एकच वर्ग घ्या. नवी भाषा, नवा वर्ग, नवं हवामान यात मूल संध्याकाळपर्यंत थकून जातं.

तिसरी पायरी: रविवार संध्याकाळचं दप्तर

एक कागद, पाच रकाने, फ्रीजवर. प्रत्येक वारासमोर त्या दिवशी लागणारी वस्तू: पीईचे कपडे, पोहण्याचं सामान, ग्रंथालयाचं पुस्तक, 'शो अँड टेल'ची, म्हणजे वर्गाला दाखवून तिच्याबद्दल बोलायची वस्तू. मुलाला वाचता येत नसेल तर चित्रं काढा. रविवारी संध्याकाळी मुलालाच कागद बघून वस्तू काढायला सांगा. इयर १ च्या मुलाला हे दोन आठवड्यांत जमतं.

टोपी रोज लागते. बहुतेक शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळायला मिळत नाही, मूल सावलीत बसून राहतं. पाण्याची बाटली किमान पाऊण लिटरची हवी. आणि गंमत वाटेल, पण ४० अंशांच्या गावात स्वेटरही दप्तरात हवाच, कारण वर्गातला एसी दिवसभर चालू असतो.

प्रत्येक वस्तूवर नाव घाला. बाटली, झाकण, डबा, डब्याचं झाकण, दोन्ही बूट, टोपी, टॉवेल, पोहण्याचा चष्मा अशी मोजदाद केली तर चाळीसेक लेबलं सहज लागतात. वर्गात पंचवीस मुलं एकाच मापाचा, एकाच रंगाचा स्वेटर घालतात. बिननावाचा स्वेटर हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत जातो आणि सत्र संपलं की जुन्या गणवेशांच्या विक्रीत किंवा दानात निघून जातो.

डबा

आपल्या घरांत हा विषय नाजूक आहे. इथल्या बहुतेक शाळांत दाणे आणि काजू-बदामांसारखा सुकामेवा पूर्ण बंद असतो, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाला शेंगदाण्याच्या कणानेही श्वास लागू शकतो. मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे असतं ते आठवून बघा: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, दाण्याची चटणी, चिक्की, गुळपोळी. चतुर्थीला घरात केलेली खिचडी सवयीने डब्यात जाते, आणि चूक होते ती अशीच. शाळेसाठीची खिचडी कूट न घालता, जिरं-बटाटा-खोबऱ्यावर करा, किंवा त्या दिवशी वरीचे तांदूळ द्या. काही शाळा तिळालाही बंदी घालतात. मग संक्रांतीचा तिळगूळ वर्गात वाटायचा विचार सोडून द्यावा लागतो, त्याऐवजी हलव्याच्या दागिन्यांचे फोटो दाखवता येतात. ज्या दिवशी घरात कूट वापरलं त्या दिवशी डब्याचा चमचा वेगळा ठेवा.

जेवायला लहान मुलांना वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यात हात धुणंही आलं. पोळी-भाजी वेगवेगळी दिली तर भाजी परत येते. पोळीचा रोल, लहान थालीपिठं, इडली, दहीभात, पराठ्याचे चौकोन हे पटकन संपतं. झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का ते घरी तीनदा करून बघा. अर्धे डबे भरलेले परत येतात ते चव आवडली नाही म्हणून नाही, झाकण उघडलं नाही म्हणून.

एक गोष्ट शाळेच्या बाहेरची, पण फराळाच्या दिवसांत महत्त्वाची: खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. गावाहून कुणी अनारसे, करंज्या किंवा मसाले आणणार असेल तर त्यात खसखस नको, हे आधी फोन करून बजावून सांगा.

रोजची दहा मिनिटं वाचन

दप्तरात एक पुस्तक आणि एक नोंदवही येते. रोज दहा मिनिटं वाचून घेऊन सही करायची असते. सुरुवात अक्षरांच्या नावांनी होत नाही, आवाजांनी होते, आणि तीसुद्धा बहुधा एस, ए, टी, पी, आय, एन या क्रमाने. इथे आपल्या लिपीची मदत होते आणि घातही. आपण 'स' म्हणतो त्यात 'अ' मिसळलेला असतो. मूल 'स-अ‍ॅ-ट' असं जोडायला जातं आणि शेवटी 'सॅटअ' ऐकू येतं. पाय मोडून म्हणा: 'स्', 'ट्', 'प्'. शिक्षिका ज्याला शुद्ध आवाज म्हणतात तो हाच. हलन्त ज्याला माहीत आहे त्या आजोबांना हे एका मिनिटात कळतं, आणि ते व्हिडिओ कॉलवर छान सराव घेतात.

घरी मराठीच बोला. इंग्रजी शाळेत येते. गोष्ट, मोजणी, भांडण, लाड मराठीत होऊ द्या.

अरबी हा सक्तीचा विषय आहे आणि त्याच्या गृहपाठाला पालक घाबरतात. घाबरू नका, सुरुवातीचे शब्द ओळखीचे निघतात. किताब, कलम, कुर्सी, साबून, तारीख, हिसाब, जवाब, सुआल. आपली खुर्ची, साबण, हिशेब आणि सवाल तिकडूनच आलेत. मुलाला या जोड्या दाखवल्या की लिपी उजवीकडून डावीकडे जाते ही एकच अडचण उरते.

व्हॉट्सअ‍ॅप गट, फोटो आणि वर्गणी

गटावर "उद्या काय आणायचंय?" विचारण्याआधी पत्र उघडा. तुमच्यासारख्याच घाईत असलेल्या पालकाने चुकीचं उत्तर दिलं तर दहा मुलं चुकीची वस्तू घेऊन येतात. शिक्षिकेबद्दलची तक्रार गटावर कधीही टाकू नका.

दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. दुसऱ्याच्या परवानगीवाचून त्याचा किंवा त्याच्या मुलाचा फोटो काढणं आणि पसरवणं हा इथे गुन्हा ठरू शकतो. वर्गाच्या कार्यक्रमातला फोटो टाकायचा असेल तर चौकटीत फक्त आपलं मूल हवं. दुसरी गोष्ट वर्गणीची. देणगी गोळा करण्यावर २०२१ पासून कडक संघीय कायदा आहे, आणि फक्त परवानगी असलेल्या संस्थाच ती गोळा करू शकतात. गणपतीत इमारतीखाली वर्गणी काढायची आपली सवय इथे चालत नाही. कुणावर कितीही मोठं संकट आलेलं असलं तरी गटावर स्वतःहून पैसे गोळा करायला लागू नका. शाळेला सांगा, शाळा परवानगीचा मार्ग काढते.

शिक्षकांशी बोलणं

पहिला मेल नेहमी वर्गशिक्षिकेला. तिथे उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर इयर लीडर (त्या इयरच्या सगळ्या वर्गांची प्रमुख शिक्षिका), मग विभागप्रमुख, मग मुख्याध्यापक. थेट वर गेलात तर मेल फिरून खालीच येतो आणि मध्ये चार दिवस जातात. मेलमध्ये विषयाच्या ओळीत मुलाचं नाव आणि वर्ग, एक प्रश्न, तीन-चार वाक्यं. 'रिस्पेक्टेड मॅडम'ची गरज नाही, 'डिअर मिस' आणि आडनाव पुरेसं. सकाळी गेटवर शिक्षिकेला पाच मिनिटं थांबवू नका, तेव्हा तिच्यासमोर पंचवीस मुलं आत येत असतात.

पालकसभेची वेळ दहा मिनिटांची असते आणि ती ऑनलाइन निवडावी लागते. "कितवा नंबर?" याला इथे उत्तर नाही, कारण नंबर काढलेलाच नसतो. अहवालात मूल अपेक्षेच्या खाली, अपेक्षेइतकं किंवा पुढे आहे असं लिहितात. 'एक्स्पेक्टेड' वाचून खट्टू होऊ नका. ते चांगलं आहे, मूल त्याच्या वयाला साजेसं शिकतं आहे. तीन प्रश्न घेऊन जा: मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो? अडलं तर मदत मागतो का? घरी एकच गोष्ट करायची तर कोणती? पहिला सगळ्यात महत्त्वाचा. नव्या मुलाला सहा आठवड्यांत एकही मित्र नसेल तर ते अभ्यासाच्या आधी बघायला हवं.

रजा मागताना आधी लिहा, कारण खरं लिहा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, म्हणजे सत्र नुकतंच लागलेलं. एक दिवस मागितला तर शाळा बहुधा समजून घेते, पण हजेरी ही शाळेच्या सरकारी तपासणीतही बघितली जाते, म्हणून त्याला जोडून आठवडाभर गावी जाणं अवघड. उलटी-जुलाब झाले तर थांबल्यापासून ४८ तास मुलाला घरी ठेवा, अनेक शाळांचा तोच नियम आहे.

आजी-आजोबा आले आणि ते मुलाला आणायला जाणार असतील तर दोन दिवस आधी मेल करून त्यांचं नाव मुलाला नेऊ शकणाऱ्यांच्या यादीत घाला, ओळखपत्राची प्रत जोडा. यादीत नाव नसेल तर रखवालदार आजीला आत सोडत नाही, आणि त्याने सोडू नये हेच बरोबर आहे.

आंतरराष्ट्रीय दिवस

वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा, देशोदेशीची कुटुंबं आपापल्या देशाचं टेबल मांडतात. भारताचं टेबल एकच असतं आणि इच्छुक तीस कुटुंबं. उशिरा आलेल्याला फक्त समोसे मांडायचं काम मिळतं. पत्रात पहिली घोषणा आली की त्याच दिवशी वर्गप्रतिनिधी पालकाला नेमकं काय करणार ते लिहून कळवा. "महाराष्ट्राचं काहीतरी करू" असं नको. "आठ मुलांचं तीन मिनिटांचं लेझीम" किंवा "फेटा बांधून दाखवणं" असं सांगा. फेट्याला रांग लागते, हे धरून चाला. एका फेट्याला सात-आठ मीटर कापड आणि सराव असला तरी दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून बांधणारे दोघं ठेवा आणि लहानांसाठी पाच-सहा तयार फेटे.

खाण्याचं आधी विचारा. काही शाळा घरचं चालवतात, काहींना फक्त परवानाधारक दुकानातलं, साहित्याच्या यादीसह लागतं. घरचं चालत असेल तर कोरडं, तुकड्यात खाता येणारं न्या. १ किलो शंकरपाळ्यांत २०-२५ ग्रॅमच्या चाळीस ते पन्नास वाट्या होतात. समोर चिठ्ठी हवी: मैदा, तूप, साखर, दूध. "गहू आणि दूध आहे, दाणे नाहीत" हे मोठ्या अक्षरांत. मोदक सुंदर दिसतात, पण उकडीचे दोन तासांनी कडक होतात, म्हणून टेबलावर नको.

मुलांना माहिती सांगायची तर राज्याचं क्षेत्रफळ नको. रायगडाचं एक मोठं चित्र लावा आणि विचारा, वर चढायला पायऱ्या किती असतील? उत्तर ऐकायला मुलं थांबतात. २१ फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिन असतो आणि सहा दिवसांनी, २७ ला, मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात ग्रंथपालाला मेल करून पंधरा मिनिटं मराठी गोष्ट वाचायची परवानगी मागा. शाळा आनंदाने देतात, फक्त महिनाभर आधी विचारायला हवं.

ऐन वेळी बदल झाला तर

१६ एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसात शाळा घरून भरल्या, आणि ज्यांच्याकडे लॉगिनचे शब्द लिहून ठेवलेले नव्हते त्यांची सकाळ त्यातच गेली. मुलाच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड फ्रीजवरच्या त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. धुकं, पाऊस, वाळूचं वादळ अशा सकाळी निघण्याआधी अ‍ॅप उघडा, गट नव्हे. बसच्या मावशींचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा.

जुलैच्या सुरुवातीला वर्ष संपतं. शेवटच्या आठवड्यात ग्रंथालयाचं पुस्तक परत करा, हरवलेल्या वस्तूंची पेटी चाळा, 'मूव्ह अप डे'ला (पुढच्या इयरचा वर्ग बघायच्या दिवशी) नव्या शिक्षिकेचं नाव कळलं की तिचा एक फोटो मुलाजवळ ठेवा, परवानगी विचारून. आणि गणवेश जूनमध्येच एक माप मोठा घेऊन ठेवा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात आठ वर्षांच्या मापाच्या चड्ड्या संपलेल्या असतात.